दिवसाची दहा मिनिटं

डॉक्टरांनी आर्डिसला दिवसाची दहा मिनिटं दिली होती. बोलायचं ते तेवढंच. कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजीनं घसा जास्त खरवडतो म्हणे. घशातली गाठ काढून सहा आठवडे झाले होते. गाठ साधी निघाली, जिवावरचं टळलं. पण जाता जाता ती आवाज घेऊन गेली. उरला तो मक्याच्या वाळल्या पानासारखा, हात लावला की चुरा होणारा. यापुढे आणखी सुधारेल का, असं तिनं पाटीवर लिहून विचारलं, तेव्हा डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिले. तेच उत्तर.

बोलण्याचा असा शिधा मिळाला की कळतं, आपण किती शब्द उगाच सांडत होतो. गावच्या ग्रंथालयात ती टेबलामागे बसून पाटीवर खडूनं लिहायची. दुकानात बोट दाखवायची. मांजराला हाक मारणं तिनं सोडलं. मांजरानं ते मनाला लावून घेतलं नाही. पण आठवडाभर कण कण वाचवूनही रविवारी हाती यायची ती दहाच मिनिटं, कारण हा शिधा साठत नाही. आणि रविवारी तिला निदान तीन तास बोलायला लागायचं.

रविवारी खेळ असे. गेली अकरा वर्षं, चर्चमधलं जेवण आटोपलं की चौघं जण शेतकरी सभेच्या जुन्या हॉलमध्ये जमत. कोपऱ्यातल्या हीटरजवळ टेबल ओढायचं, कॉफीचा थर्मास, फासे, पेन्सिली मांडायच्या. चौघांतला एक सूत्रधार. तो नदी सांगतो, धुकं सांगतो, वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या तोंडून बोलतो, आणि प्रत्येक वळणावर एकच विचारतो: काय करता? बाकीचे आपापलं सोंग घेऊन उत्तर देतात. उत्तर अवघड असलं की फासे टाकतात. एवढाच खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत; जे काही आहे ते टेबलावरच्या हवेत.

ही हवा आर्डिसची होती. नदी तिनं रचली होती, नदीवरचे होडीवाले तिनं रचले होते, आणि नदीच्या तळाशी बुडालेलं सोल्बी गावही तिचंच. धुकं पडलं की सोल्बीच्या देवळाची घंटा पाण्याखाली वाजते. गाव कुणी बुडवलं, हे शोधायला तिघं होडीवाले अकरा वर्षं त्या नदीवर फिरत होते. वरच्या धक्क्यावर ग्रेटा नावाची म्हातारी राहायची. ती त्यांना माशाचं सूप वाढायची, ओले मोजे वाळत घालायची, होडीला डांबर द्यायची. ग्रेटाचा आवाज आर्डिस जरा खालच्या पट्टीत काढायची, आणि तो आवाज लागला की तिघंही नकळत पाय आखडून बसायची, चुलीपाशी बसल्यासारखी.

या तिघांतला लोवेल शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक, साठी ओलांडलेला. हातात कागद पडला की तो शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, मग तो कागद बिस्किटाच्या पुड्यावरचा का असेना. तीस वर्षं कामच तसलं: एकानं तपासणीचा कागद वाचायचा, दुसऱ्यानं ब्रेकला, दिव्याला, टायरला हात लावून 'आहे' म्हणायचं. जोलीन वृद्धाश्रमात नर्स होती. हात मऊ, जीभ सुईसारखी. आणि आन्सेल चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. एरवी मूग गिळून बसलेला माणूस, पण खेळात त्यानं सोंग घेतलं होतं ते अखंड बडबडणाऱ्या नावाड्याचं. घरी बायकोला आठवड्यात जेवढं बोलायचा नाही, तेवढं तो रविवारी नदीवर बोलून घ्यायचा.

आवाज गेला तेव्हा आर्डिस आधी घाबरली नव्हती. तिच्याकडे ग्रंथ होता. सहा वर्षं खपून तिनं हा खेळ लिहून काढला होता, तीनशे चाळीस पानं. कुणीही वाचावं आणि सूत्रधाराच्या खुर्चीत बसावं. खेळ रचणारी माणसं वर्षातून एकदा शहरात जमतात, तिथं ती वही घेऊन बसायची. सिनेमाकडून काय घ्यावं, तर प्रसंग उशिरा सुरू करावा आणि लवकर तोडावा. मालिकेकडून काय, तर भाग कड्याच्या टोकावर सोडावा. कादंबरीकडून, पहिल्या प्रकरणात पुरलेलं शेवटच्या प्रकरणात उकरावं. चित्रकथेकडून, दोन चौकटींमधली मोकळी जागा. हे सगळं तिनं ग्रंथात ओतलं होतं. खेळ रचणाऱ्यांचा एक रिवाजही तिला ठाऊक होता: ग्रंथ दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आपण भिंतीला टेकून बसायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही; मग कळतं लिहिलेलं किती आणि आपण तोंडानं भरून काढत होतो ते किती. तो रिवाज तिनं कधी पाळला नव्हता. पाळायची वेळ आली ती अशी, घशावर टाके पडल्यावर.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिच्या खुर्चीत लोवेल बसला, कारण आन्सेलनं मान हलवली आणि जोलीन म्हणाली, मी दिवसभर म्हाताऱ्यांना काय करता, काय करता विचारतेच. लोवेलनं ग्रंथ उघडला आणि प्रामाणिकपणे पहिल्या पानापासून सुरुवात केली. होडी धक्क्याला लावायची होती. धक्क्याचा नियम एकशे बाराव्या पानावर, त्यातला वाऱ्याचा भाग दोनशे सातव्यावर, आणि दोनशे सातव्यानं परत चौसष्टवर पाठवलं. चाळीस मिनिटांनी होडी होती तिथंच होती. जोलीननं मोज्याची टाच विणून संपवली. आर्डिस भिंतीशी बसून पाटी गुडघ्यावर धरून होती; तिनं दहाची दहा मिनिटं मध्ये मध्ये बोलून घालवली आणि तरीही काही झालं नाही. दुसरा रविवार त्याहून वाईट गेला.

जोलीन वाईट बोलली नाही. सामान आवरताना एवढंच म्हणाली की वृद्धाश्रमात रविवारच्या पाळीला माणूस मिळत नाही, तिला विचारतायत. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत ती थांबेल. आन्सेलनं कप धुतले. लोवेल गाडीपर्यंत आला, काचेवरचा बर्फ खरडून दिला आणि म्हणाला, चूक माझीच, आर्डिस. मला तुझ्यासारखं येत नाही. तिनं पाटी काढेपर्यंत तो निघून गेला होता.

ती पाटी तशीच कोरी घेऊन ती बाबांकडे गेली.

वर्नर, तिचे बाबा, जोलीनच्याच वृद्धाश्रमात होते. सत्याऐंशीचे, कानांनी गेलेले. मुलीला बोलता येत नाही आणि बापाला ऐकू येत नाही, त्यामुळे दोघांचं अलीकडे छान जमायचं. तिनं लिहायचं, त्यांनी भिंग धरून वाचायचं आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायचं. चाळीस वर्षं ते जिल्ह्यातल्या नाचांचे पुकारे होते. चार जोड्या चौकोनात उभ्या राहायच्या, व्हायोलिन सुरू व्हायचं, आणि मंचावर उभे राहून बाबा गात गात पुढचं पाऊल सांगायचे. याच शेतकरी सभेच्या हॉलमध्ये. आर्डिसचं लहानपण त्या मंचाखाली, कोटांच्या ढिगावर झोपून गेलं होतं.

त्यांनी ग्रंथ मांडीवर घेतला, वजन केलं. "बायबलच दिसतंय. यात उत्पत्तीचं पुस्तक कुठून सुरू होतं?"

तिनं लिहिलं: नियम आहेत. लोवेलला जमत नाहीत.

मग तिनं वही दाखवली, सिनेमा, मालिका, कादंबरी असे धडे काढलेली. त्यांनी भिंगातून एकेक ओळ ओढत वाचली, ओठ हलवत. वाचून झाल्यावर भिंग पुसलं.

"ही सगळी बसून बघायची कामं दिसतात. तुझे लोक बघायला येतात का नाचायला?"

आर्डिसनं पाटीवरचं लिहिलेलं बाहीनं पुसलं.

"मी आधी सगळा नाच वाचून दाखवला असता, तर लोक बूट हातात घेऊन घरी गेले असते," बाबा म्हणाले. "पुढचं पाऊल तेवढं सांगायचं गं. एक श्वास आधी. त्याच्याआधी सांगितलंस तर विसरतात. उशिरा सांगितलंस तर सगळ्यांचा एक पाय हवेत राहतो. आणि तोंडं नाही बघायची, पाय बघायचे." एवढं म्हणून त्यांनी खुर्चीतच टाच आपटली आणि फुटक्या, उंच आवाजात धरलं:

उजवा हात शेजारणीला, डावा हात परकीला,
फिरत फिरत घरी ये रे, दोन्ही हात घरचीला.

पलीकडच्या खोलीतून कुणीतरी काठी ठोकली. तालावर की वैतागून, कळलं नाही. मग गोष्ट गोष्टीला लागते तशी बाबांना आठवली एका जानेवारीतली रात्र, ताप अंगात, आणि मध्यावर त्यांचा आवाज बसला. व्हायोलिनवाला घाबरला. पण नाच थांबला नाही. मागच्या चौकोनातल्या कुणीतरी पुढचं पुकारलं, मग दुसऱ्यानं. पंधरा वर्षं ऐकलेलंच तर होतं सगळं. मी मंचावर उभा राहून पाणी पीत होतो, बाबा म्हणाले, आणि जरा रागच आला मला. आर्डिस हसली आणि तिनं घड्याळ बघितलं. ती गोष्ट तिनं तेव्हा तिथंच सोडली.

श्वासाची गोष्ट मात्र घरी आणली. पुढचे दोन आठवडे खेळ नव्हता; ग्रंथालयातून आल्यावर ती जेवायच्या टेबलावर कात्री घेऊन बसायची. तीनशे चाळीस पानांच्या तिनं पत्त्या केल्या, तळहाताएवढ्या. एका पत्तीवर एकच जागा, एकच पाऊल, एका श्वासात म्हणता येईल एवढं, आणि शेवटी प्रश्न. नियम जेवढा त्या क्षणाला लागतो तेवढा, एका ओळीत. सहा वर्षांची वाक्यं टोपलीत पडत होती. वाईट वाटायला लागेल असं तिला वाटलं होतं. पण तेवढं त्राणही नव्हतं. लिहिता लिहिता हाताला बाबांचा ठेका लागला, तो तिनं अडवला नाही.

धुकं बसलं पाण्यावरती, काठ दिसेना काठाला,
घंटा वाजे होडीखाली. हात कोण घाली पाण्याला?

पत्तीच्या पाठीवर तिनं बारीक अक्षरात सूत्रधारापुरतं लिहिलं: कोण खोटं बोलतंय, कोण भ्यालंय, कुठल्या दारामागे काय आहे. हे तर ठेवायलाच हवं होतं. ज्या खेळात सूत्रधाराकडे गुपित नाही तो कसला खेळ? सूत्रधारापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा असतो तो त्यासाठीच. ग्रेटाच्या पत्तीच्या पाठीवर सगळ्यात मोठं गुपित होतं. त्याची वेळ यायला अजून वर्ष-दीड वर्ष होतं. त्या प्रसंगासाठी ग्रेटाचं दीड पानी कबुलीचं भाषण तिनं कधीचं लिहून ठेवलेलं होतं, अश्रूंच्या जागांसकट. ते तिनं कापलं नाही. घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं.

शेवटच्या रविवारी हॉलच्या छपरावरून बर्फ वितळून ठिबकत होता. जोलीननं चीज घातलेले भाजलेले बटाटे आणले होते, म्हणाली, मयताला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये. लोवेलनं चष्मा लावला, पत्त्यांचा गठ्ठा हातात घेतला, वजन बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. आर्डिस भिंतीशी बसली. आज तिनं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. दहाची दहा मिनिटं शाबूत होती.

लोवेलनं पहिली पत्ती वाचली. शेवटचा प्रश्न आला, त्यानं मान वर केली, आन्सेलनं उत्तर दिलं. होडी सुटली. एवढं सोपं, की क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या पत्तीत काठावरचा जकातवाला होता. लोवेलनं पुढची बाजू वाचली, आणि मग, बसच्या तपासणीचा कागद उलटावा तशी, पत्ती उलटून पाठही मोठ्यानं वाचली: "हा माणूस आतून भ्यालेला आहे, पण दाखवत नाही."

आर्डिसचा हात पाटीकडे गेला. पण जोलीन तोवर बोलून मोकळी झाली होती. भ्यालाय होय, मग मी त्याच्याशी भांडत नाही, त्याला गरम काहीतरी पाजते. आन्सेल म्हणाला, माझ्या आजोबांना असाच एक जकातवाला भेटला होता, आणि ती गोष्ट लांबत गेली, आणि लोवेल हसायला लागला. सहा आठवड्यांत त्या टेबलावर कुणी हसलं नव्हतं. आर्डिसनं खडू खाली ठेवला. मध्यंतरात सांगू, असं ठरवलं. चहाकॉफीला उठतील तेव्हा.

पण नदीचं असं असतं की होडीवाले म्हणतील तिकडे ती जाते. जकातवाल्याला पाजायला गरम काही नाही म्हटल्यावर जोलीन म्हणाली, मग चला ग्रेटाकडे, त्यालाही घेऊन. सूप असेलच. आन्सेलनं वल्हं फिरवलं. लोवेल गठ्ठ्यात ग्रेटाची पत्ती शोधू लागला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. वेळ होता. आर्डिसनं तोंड उघडलं. पण असा घसा हाक मारल्याबरोबर येत नाही. त्याला गोळा व्हायला एक क्षण लागतो, आणि तेवढ्यात लोवेलनं धक्का, चूल, सूप, मोजे हे सगळं वाचून पत्ती उलटली होती.

"सोल्बी बुडवलं ते ग्रेटानं," तो वाचत गेला, एका सुरात, ब्रेक, दिवे, टायर म्हटल्यासारखा. "बांध फुटणार होता. वरचं दार उघडलं असतं तर फक्त सोल्बी जाणार होतं, नाहीतर सगळं खोरं. दाराचं चाक तिनं फिरवलं. हे खेळणाऱ्यांना सांगू नये."

शेवटचं वाक्य वाचल्यावर त्याला कळलं.

छपरावरचं पाणी ठिबकत राहिलं. लोवेलनं पत्ती टेबलावर ठेवली, आणि दोन्ही तळवे तिच्यावर झाकण ठेवल्यासारखे दाबले. त्याचे कान लाल झाले होते. आर्डिसला वाटलं, अकरा वर्षं पदराखाली सांभाळलेला दिवा कुणीतरी येऊन सहज फुंकर मारून विझवला. राग येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आला तो फक्त थकवा, पाय पाण्यात सोडून बसावं तसा.

मग जोलीननं विणकामाची पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली. खुर्ची पुढे ओढली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली, "आम्ही तिच्या हातचं सूप खातोय."

"तिला ठाऊक होतं आपण काय शोधतोय ते," आन्सेल हळू म्हणाला. हा नावाड्याचा आवाज नव्हता, त्याचा स्वतःचा होता. "दर वेळी होडीला डांबर कोण देत होतं? आपण निघावं म्हणून देत होती की सापडावं म्हणून?"

ते लोवेलकडे बघून बोलत नव्हते. आर्डिसकडेही नाही. एकमेकांकडे बघून बोलत होते. जोलीन म्हणाली, मी सूप पीत नाही. मग म्हणाली, नाही, पिते, पण तिच्याकडे बघत पिते. आन्सेल म्हणाला, जकातवाला दारात उभा आहे, त्याचं घर सोल्बीत होतं का? लोवेलनं पत्ती उचलून दोन्ही बाजू पाहिल्या, तिथं याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. होतं, तो म्हणाला. आईचं घर. आर्डिसनं हे कधी लिहिलं नव्हतं, तिच्या मनातही आलं नव्हतं.

मंचावर उभा राहून पाणी पीत होतो, आणि जरा रागच आला मला. तिनं बाबांच्या त्या मंचाकडे बघितलं. तिथं आता घडीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

"मी तिला विचारतेय," जोलीन म्हणाली. "वाटी खाली ठेवून. ग्रेटा, का नाही सांगितलंस?"

लोवेलनं पत्ती खाली ठेवली. हे त्याला येणार नव्हतं, आणि येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तो भिंतीकडे वळला.

"आर्डिस," तो म्हणाला, "माझं चुकलंय, ते नंतर बोल मला काय बोलायचं ते. पण ग्रेटा काय म्हणते?"

तिनं पाटी बाजूला ठेवली. उठून टेबलापाशी आली, आणि चौथ्या बाजूला, जिथं अकरा वर्षांत ती कधी बसली नव्हती, तिथं बसली. कोटाच्या खिशात हात गेला, दीड पानाची घडी बोटांना लागली. बाहेर काढली नाही. समोर तीन माणसं बसली होती, त्यांचे पाय चुलीपाशी आखडावे तसे आखडलेले, आणि कुणालाही भाषण नको होतं. एक श्वास वेळ होता. तिनं तो श्वास घेतला, आवाज गोळा होऊ दिला. जो आला तो खालच्या पट्टीतला नव्हता, तिनं कधी काढलेला नव्हता. वाळल्या पानाचा, चुरा झालेला, नदीकाठी एकटीनं म्हातारं झालेल्या बाईचा.

"चाक फार जड होतं," ग्रेटा म्हणाली. "हात अजून दुखतात."

जोलीननं टेबलावरून हात पुढे केला आणि आर्डिसचा उजवा हात धरला, नर्स धरते तसा, मनगटाखालून, वजन तोलत.

"दाखव," ती म्हणाली.

ते होडीवालीनं म्हटलं की जोलीननं, ते आर्डिसला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. नऊ मिनिटं अजून शिल्लक होती. लोवेल पुढची पत्ती शोधत होता.